दिवाळसणाचा गॉगल

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला. नातेवाईक म्हणतात ग्रहणामुळे गेला, बिल्डिंगीतले म्हणतात गॉगलमुळे गेला. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मी फिजिक्सचा पदवीधर आहे, कारण आणि निमित्त यातला फरक मला कळतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील कोकणातून आले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटले आणि हेल्पर म्हणूनच रिटायर झाले. आईला सही येते, तीही मीच शिकवलेली. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा वडील वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगीत दारोदार पेढे घेऊन फिरले आणि प्रत्येक दारात दोनदा म्हणाले, "फिजिक्स केलंन, फिजिक्स." ते काय असतं हे त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून बरं. मला या सगळ्याचा अभिमान होता आणि आहे.

गॉगलचं वेड कॉलेजातलं. चौऱ्याऐंशी साली आपला माणूस अवकाशात जाऊन आला आणि पोरं नुसती वेडी झाली. त्याच सुमारास ठाणे स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक जुनं अमेरिकन मासिक मिळालं. चंद्रावर जाणाऱ्यांचे फोटो होते त्यात. हेल्मेट काढलं की ह्या माणसांच्या डोळ्यांवर गॉगल. सोनेरी तारेची फ्रेम, थेंबासारखी काच, हिरो घालतात तसला. म्हटलं, हे काय, अवकाशात जाऊन स्टाइल? म्हणून वाचत गेलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

स्टाइल नव्हती ती. विमानं उंच जायला लागली तेव्हा वैमानिकांचे डोळे दुखायचे, डोकं फुटायची वेळ यायची, कारण वर उजेडाला अडवायला काहीच नसतं. म्हणून ती हिरवी काच आली. थेंबासारखी अशासाठी की वैमानिकाची नजर सारखी खाली, यंत्रांच्या घड्याळांसारख्या काट्यांकडे जाते. खालूनही उजेड शिरता कामा नये. आणि अवकाशात पहिले गेले ते सगळे मुळात वैमानिकच. नव्या विमानांची परीक्षा घेणारे. ते आपल्या सवयी घेऊन गेले, गॉगलही घेऊन गेले. तिथे आभाळ काळं आणि सूर्य नागडा. मध्ये ना हवा, ना धूळ. पृथ्वीभोवती फिरणाऱ्याला दर दीड तासाने सूर्योदय. यानाच्या खिडकीतून तो प्रकाश आत आला की समोरचे काटे दिसेनात. अशा वेळी ह्या दोन काचा कामाला यायच्या. बाहेर पडायचं झालं तर मात्र गॉगलवर भागत नसे. त्यासाठी हेल्मेटच्या पुढे वेगळा पडदा, त्यावर सोन्याचा थर, इतका पातळ की आरपार दिसावं.

मी यावर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. मराठीच्या सरांनी आधी 'गॉगल' खोडून 'उपनेत्र' केलं, मग पूर्ण लेखच खोडला आणि भर वर्गात म्हणाले, "अवकाश संशोधनात गॉगलचं काय काम? हे नाक्यावर सांगा, तिथे टाळ्या पडतील." वर्ग खदखदला. मी त्या वर्गातला हेल्परचा एकटा मुलगा, त्यामुळे हसणं जरा जास्तच ऐकू आलं. पुढे दहा वर्षं ती माहिती माझ्या पोटात तशीच पडून राहिली. ऐकणारा कुणी मिळेना.

नोकरीही मला गॉगलचीच मिळाली, योगायोग म्हणा. वागळे इस्टेटमध्ये एक छोटा कारखाना होता, तयार काचा फ्रेममध्ये बसवणारा. मी तपासणीला. दोन्ही काचांचा रंग एक आहे का, दांड्या सरळ आहेत का, स्क्रू ढिला नाही ना. दिवसभर हेच. बी.एस्सी. होऊन.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. भावोजी रेल्वेत, कल्याणच्या इंजिन शेडला असिस्टंट ड्रायव्हर, मालगाडीवर. ठाकुर्लीला क्वार्टर. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण घरचे जावई, म्हणून अहो-जाहो. रुबाबदार माणूस. बोलायला लागला की समोरच्याची सालं काढायचा. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय बी.एस्सी.?" हीच हाक. लग्नाच्या पंगतीत, अख्ख्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "आमच्याकडे शेडमधला दहावी नापास खलाशीसुद्धा कायम आहे. आणि तुमचा बी.एस्सी. अजून टेम्पररी? शिक्षण जरा उलटं लागलं वाटतं तुम्हाला."

मी हसलो. हसावंच लागतं, मुलीकडचे आपण.

भावोजींना आपल्या डोळ्यांचा फार गर्व होता. इंजिनावर बसणाऱ्याची भाकरी डोळ्यांवर असते. ठरावीक वर्षांनी रेल्वेचे डॉक्टर तपासतात, नापास झालात की इंजिनावरून खाली. त्यांची तपासणी येत्या जानेवारीत होती आणि ती झाली की मेन ड्रायव्हरच्या परीक्षेला बसणार होते. "कसाऱ्याच्या घाटात धुक्यात सिग्नल आधी मी बघतो, मग ड्रायव्हरसाहेब," असं सांगायचे. खरंही होतं म्हणे.

दिवाळी आली. लग्नानंतरचा पहिला सण, म्हणजे दिवाळसण, जावयाला काहीतरी द्यायलाच हवं. भावोजींनी बहिणीकडून निरोप धाडलेला, अंगठी चालेल. अंगठी आम्हाला झेपणारी नव्हती. आई तोंड पाडून बसली. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. आमच्या कारखान्यात त्या महिन्यात एक चांगला माल आला होता, सोनेरी फ्रेम, हिरवी काच, थेंबाचा आकार. त्यातला एक मी स्वतः निवडून, तपासून, विकत घेतला. गॉगल म्हणून त्यात तसूभरही खोट नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

नरकचतुर्दशीला पहाटे भावोजींचं अभ्यंगस्नान झालं. पाटावर बसले, आईने ओवाळलं, मी डबी पुढे केली. शेजारचे दोन-तीन जण फराळाला आलेले. भावोजींनी डबी उघडली, आत बघितलं, मग आईकडे बघितलं.

"गॉगल? आई, माझे डोळे आलेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

शेजारी हसले.

"नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की देतात ना असला. मला वाटलं, सासरवाडीने आगाऊच सोय केली."

बहीण म्हणाली, "अहो, पुरे ना."

"पुरे काय? मी काही बोलतोय का? मित्र विचारतील, दिवाळसणाला काय मिळालं, तर सांगतो की, उन्हाळ्याची सोय झाली." डबी त्यांनी पाटाशेजारी ठेवली, खरकट्या बशीशेजारी.

आईचे डोळे भरले. वडील उगाच करंजी मोडत बसले. आणि मी बोलायला लागलो. दहा वर्षं पोटात धरलेलं सगळं बाहेर आलं. विमानं, दुखणारे डोळे, काळं आभाळ, दीड तासाचा सूर्योदय, चंद्राकडे निघालेलं यान. सोन्याच्या थराचंही सांगितलं. मी चांगला बोललो. शेजाऱ्यांचे चिवड्याचे हात थांबले. भावोजींनी डबी परत उचलली.

"सोनं? ह्यात सोनं आहे?"

"ह्यात नाही, त्यांच्या हेल्मेटला. पण घराणं एकच."

"आणि हा घालून काय करतात ते?"

तेव्हा मी म्हणालो, "काय करतात? सूर्याकडे सरळ बघतात."

हे एक वाक्य माझं होतं. मासिकात नव्हतं. त्या सोन्याच्या पडद्यातूनसुद्धा कुणी सूर्याकडे टक लावून बघत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि भावोजींचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं.

भावोजींनी गॉगल चढवला. दिसायलाही लागले छान. मग दिवसभर काढला नाही. दुपारी बिल्डिंगीच्या खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "साधा नाय हा. अंतराळवीरांचा आहे. डायरेक्ट सूर्याकडे बघायचं." माझीच माहिती, पण माझ्यापेक्षा रंगवून. एकाने विचारलं, कुणी दिला, तर म्हणाले, "आमचे मेव्हणे सायंटिस्ट आहेत ना." मी गॅलरीतून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मान दिला, तोही माझ्या पाठीमागे, म्हणजे खरा. मला काय वाटलं ते सांगत नाही, तुम्हाला कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. त्या वर्षी ते दिवाळीतच आलं होतं. आईने आदल्या रात्रीपासून फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली, बाहेर बघायचं नाही म्हणून दटावून ठेवलं. मी तिला सावलीचं शास्त्र समजावलं, तिने ऐकलं नाही, नेहमीप्रमाणे. पेपरात आठवडाभर छापून येत होतं की ग्रहण कसं बघावं, कसं बघू नये. साध्या गॉगलमधून बघू नका, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. ती बातमी मी वाचली होती. वाचली होती म्हणूनच कारखान्याशेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगची काच मागून आणली होती, असेल ती सगळ्यात काळी.

सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. अर्धी बिल्डिंग वर आलेली. खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरावर सूर्य चढला होता आणि त्याचा एक तुकडा गेलेला होता. ऊन पिवळट, जुनं वाटत होतं. मी वेल्डिंगची काच डोळ्यापुढे धरून बघितलं, मग वडिलांना दिली. वडिलांनी बघितलं, "अरे देवा," म्हणाले आणि लगेच काच भावोजींपुढे केली. जन्मभर कारखान्यात काढलेला माणूस, वेल्डरच्या काचेची माहिती त्यांना होती.

"जावईबापू, यातनं बघा. डोळ्याला त्रास नाय."

भावोजींनी गॉगल चढवलेला होता. त्यांनी काच घेतली नाही. माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय मेव्हणे? लागेल का मला ती?"

तोंडावर पहिल्यांदा मेव्हणे म्हणाले. बी.एस्सी. नाही.

गच्चीतले सगळे बघत होते. बहीण जिन्याच्या दाराशी उभी होती. 'लागेल' म्हटलं असतं तर कालचं सगळं खोटं ठरलं असतं, आणि त्यांच्याकडून जन्मभर ऐकावं लागलं असतं, बी.एस्सी.चा गॉगल, दिवाळसणाचा गॉगल, लग्नामुंजीत, बारशात, तेराव्यालासुद्धा. तो माणूस सोडणारा नव्हता. मी हसलो.

"तुम्हाला कशाला? ती काच वेल्डरची. तुमच्याकडे आहे ना."

"बघा! तुम्ही वेल्डर, मी अंतराळवीर!" भावोजी म्हणाले. सगळे हसले. आणि ते बघायला लागले. डावा डोळा मिटून, उजवा उघडा, नेम धरल्यासारखे. मला वाटलं दोन सेकंद बघतील, डोळ्यांत पाणी येईल, मान फिरवतील. पण गॉगलच्या हिरव्या काचेमागे उजेड बोचत नाही. आणि सिग्नलकडे बघत बसायची सवय असलेला माणूस. एकटक बघत राहिले. वर लोकांना सांगत होते, "आता अर्धा गेला. आता अजून." मी घड्याळात बघत होतो. बोललो नाही. मग घड्याळात बघायचं सोडलं.

दुपारी जेवताना ते म्हणाले, डोळ्यापुढे डाग येतोय. संध्याकाळी बहिणीला म्हणाले, "तू बोलतेस, पण तुझं तोंड दिसत नाय. कान दिसतात दोन्ही." ती हसली. तिला वाटलं, चेष्टा. रात्री उजव्या डोळ्याने घड्याळ बघितलं तर आकडे होते आणि मधले काटे नव्हते. तेव्हा मग कुणी हसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आतला पडदा भाजलाय, मधोमध. याला औषध नाही. थोडं सुधारेल, वाट बघा. डिसेंबर अर्धा संपेपर्यंत डाग फिकट झाला, पण गेला नाही. तोपर्यंत भावोजींनी शेडमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नाही. डाव्या डोळ्यावर गाडी मारली. म्हणजे मालगाडी, घाटातून, हे लक्षात घ्या.

डिसेंबरच्या शेवटी बहिणीने मला ठाकुर्लीला बोलावलं. भावोजी खुर्चीत बसलेले, गप्प. त्यांना गप्प बघायची मला सवय नव्हती. चहा ठेवून बहीण म्हणाली, "दादा, तुझे इतके चष्मेवाले ओळखीचे आहेत. तपासणीला तो अक्षरांचा तक्ता असतो ना, तो लिहून आण. यांच्याकडून पाठ करून घेऊ. डावा डोळा झाकला की धडाधड म्हणतील."

भावोजी खाली बघत म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे माझं. तुमचं यानाचं सगळं एकदा ऐकून पाठ झालं होतं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी काय केलं असेल? मी त्यांना नियम सांगितले. म्हणालो, असल्या लबाडीत मी नाही. मालगाडी आहे ती, मागे दुसरी गाडी असते, पुढे फाटकात माणसं असतात. एक सिग्नल चुकला तर किती जीव जातील. शिकल्यासवरल्या माणसाने असल्या गोष्टीला हात लावायचा नसतो. सगळं बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

बहिणीने मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "हे इतकं छान तू गच्चीत का नाही बोललास?"

"मला कुठे माहीत..."

"बाबांनी काच पुढे केली होती, मी दारात होते. त्या काचेसाठी तू आठवडाभर कुणाकुणाच्या मागे लागला होतास. कशाला लागला होतास, गॉगल चालत होता तर?"

"मला वाटलं, थोडा वेळ बघतील."

"म्हणजे माहीत होतं." ती शांत होती. "त्यांनी तुला विचारलं, दादा. ते कुणाला काही विचारतात का? आयुष्यात एकदा तुला विचारलं."

भावोजी तिला म्हणाले, "जाऊ दे गं." मला म्हणाले, "चहा निवला तुमचा." मी निवलेला चहा प्यायलो आणि निघालो. तक्ता दिला नाही.

जानेवारीत ते नापास झाले. इंजिनावरून उतरवलं. रेल्वे नोकरीवरून काढत नाही, दुसरं काम देते. त्यांना शेडच्या ऑफिसात टेबल दिलं. ड्रायव्हर ड्यूटीवर येतात, वहीत सही करतात, जातात. ती वही पुढे सरकवायची आणि परत मागे घ्यायची. त्यांच्या बरोबरीचे ड्रायव्हर झाले, त्यांच्या हाताखालचेही झाले. सगळ्यांच्या सह्या त्यांच्यासमोर. पहिल्या वर्षी पोरं त्यांना 'अंतराळवीर' म्हणायची, हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. पुढे तेही बंद झालं. लोक कंटाळतात.

मी मात्र वर चढलो. शास्त्रातलं सोपं करून सांगतो म्हणून आमच्या भागात नाव झालं. मंडळं बोलवायला लागली, शाळा बोलवायला लागल्या. नव्व्याण्णवच्या ऑगस्टात परत ग्रहण होतं. पावसाळा, ढग असणार हे उघड होतं, तरी वर्तकनगरच्या मंडळाने माझं भाषण ठेवलं, 'ग्रहण कसे पाहावे'. हॉल भरलेला. सेक्रेटरीला भावोजींच्या डोळ्याचं कुठून तरी कळलं होतं, त्याने मला न विचारता भावोजींना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. बहीण बायकांच्या बाजूला.

माझं अर्धं भाषण झालं आणि सेक्रेटरीने माईक भावोजींच्या हातात दिला. म्हणाला, "प्रत्यक्ष अनुभव ऐकू या."

भावोजी उभे राहिले. मान जराशी उजवीकडे वळवून, कारण त्यांना आता समोरचं तसंच दिसतं. चार वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होतो म्हणा किंवा त्याला भीत होतो म्हणा. भर सभेत, माईकवर, सगळ्या कॉलनीसमोर. माझी सालं काढायची असतील तर याहून चांगली जागा नव्हती.

ते म्हणाले, "आमच्या मेव्हण्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, बघू नका म्हणून. काचसुद्धा पुढे केली होती. मीच ऐकलं नाय. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, एवढंच सांगतो."

टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्यासाठी हे केलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही. मेव्हण्याने फसवलं म्हणून आंधळा झालेला जावई लोकांच्या हसण्याचा विषय होतो. हट्टाने सूर्याकडे बघून डोळा घालवणारा माणूस निदान मर्द ठरतो. त्यांनी आपल्यापुरतं तेवढं वाचवलं होतं. एका वाक्याने मला ते काढून घेता आलं असतं, आणि त्याच वाक्याने खरंही सांगता आलं असतं.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली. माईक परत घेतला आणि म्हणालो, "ऐकलंत? आता पुढचा मुद्दा."

बायकांच्या रांगेतून बहीण उठली. भावोजींचा हात धरून ती त्यांना दाराकडे घेऊन गेली, आणि लोकांनी पाय आखडून त्यांना वाट करून दिली. मी पुढचा मुद्दा सांगितला.